गप्पी-मॉली पाळताय? मग या चुका टाळा

"आणले त्या दिवशी मस्त पळत होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून एकेक करून गेले", गप्पीबद्दल ही तक्रार कायम ऐकू येते, आणि मग लोक एकतर दुकानदाराला शिव्या देतात नाहीतर "आम्हाला मासे लाभतच नाहीत" म्हणून टाकी माळ्यावर टाकून देतात. अहो पण हा तोच मासा आहे जो मलेरिया विभागवाले डासांच्या अळ्या खायला विहिरीत आणि साचलेल्या पाण्यात सोडतात आणि तिथे तो कुणी न बघता वाढतो! मग घरच्या स्वच्छ टाकीत का मरतो? कारण बहुतेक वेळा मासा कमजोर नसतो, पाणी तयार नसतं.

पाणी तयार नसतं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्मे मासे इथेच जातात. विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया बनतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी एकदम क्लिअर असतं. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया वाढतात ते या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांना जम बसवायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि आपण तर शनिवारी टाकी आणून रविवारी १५ मासे सोडतो. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, कल्ले लालसर दिसतात. बोअरचं पाणी असेल तर अजून सांभाळा, पीएच (पाणी किती आम्लारी आहे त्याचं माप) जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओळखीत कुणाची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच आणा, आणि सुरुवातीला चार-पाचच मासे ठेवा. मासे आधीच सोडले असतील आणि मरायला लागले असतील तर रोज २५-३० टक्के पाणी बदला आणि दोन दिवस खाणं बंद. पण प्लीज लगेच ते निळं औषध ओतू नका! मिथिलिन ब्लूने फिल्टरमधले बॅक्टेरियाच मरतात, म्हणजे जे कमी होतं तेच अजून कमी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना माहीत असतं पण फिल्टरचा स्पंज मात्र त्याच नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतात. नका धुऊ. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा, थोडा मळकट राहिला तर राहू दे. बदलायचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं मिश्रण, काही ठिकाणी पाण्यात घालतात) तसं उडत नाही, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब घरात ठेवाच.

आता एक चूक जी लोक फार प्रेमाने करतात, आरओचं पाणी. आपण पितो ते शुद्ध म्हणून माशांनाही तेच. पण आरओत पाण्यातले क्षारच निघून जातात. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल या सगळ्यांना जड, क्षार असलेलं पाणी लागतं. मुंबईत तलावांचं पाणी मुळातच मऊ आहे, तिथे मॉली बऱ्याचदा एका जागी उभी राहून नुसती थरथरत राहते, पुढे जातच नाही, आणि लोकांना वाटतं थंडी वाजतेय. थंडीनेही होतं तसं, पण टेंपरेचर ठीक असेल तर आधी पाण्याचा जडपणा तपासा. फिल्टरमध्ये स्वच्छ धुतलेले शिंपले किंवा कोरलचे तुकडे ठेवले की हळूहळू सुधारतं. बोअरवाल्यांनी मात्र नशीब समजा, तुमचं पाणी या माशांना आवडतं.

ब्रीडिंगसाठी खरं तर वेगळं काही करावं लागत नाही, आणि लोक नको तेवढं करतात. जोडी आणतात, एक नर एक मादी, आणि तो नर तिच्या मागे दिवसभर लागून तिला थकवून टाकतो. एका नरामागे किमान दोन-तीन माद्या हव्यात. आणि दुकानातून आणलेली मोठी मादी जवळपास नक्की गाभणच असते, नराचे शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे घरी एकही नर नसताना पिल्लं झाली तर घाबरू नका.

दुसरं म्हणजे पोट दिसलं की लगेच ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडणं. गाभणपणाचा साधारण महिनाभराचा काळ असतो, त्यात आठ-दहा दिवस तिला त्या डबीत ठेवलं तर ताणाने पिल्लं लवकर टाकते किंवा स्वतःच मरते. नीट बघायला शिका. शेपटीकडचा काळा डाग मोठा आणि गडद होतो, पोट गोल न राहता पुढून चौकोनी दिसायला लागतं, फिकट रंगाच्या मादीत तर कातडीतून पिल्लांचे बारीक डोळेसुद्धा दिसतात. मग ती खाणं सोडून हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यात जाऊन बसते. पिल्लू बाहेर येतं ते गुंडाळलेलं, क्षणभर खाली जातं आणि उलगडून सरळ पळत सुटतं, लपायला जागा शोधत! ती जागा द्या. जावा मॉस, हॉर्नवर्ट किंवा वर तरंगणारी कुठलीही दाट झाडं भरपूर टाका, पुरेशी पिल्लं वाचतात.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, एका रात्रीत पाणी नासतं. चिमटीत चुरलेलं नेहमीचं खाणं चालतं, दिवसातून तीन-चारदा अगदी थोडं. जमलं तर आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवा, २४ ते ३६ तासांत फुटतात, त्यावर पिल्लं कशी भरतात ते बघाच. तीन-चार आठवड्यांनी नरांचा पोटाखालचा पर निमुळता व्हायला लागतो, तेव्हाच वेगळे करा, नाहीतर भाऊ-बहिणीतच वीण सुरू होते आणि काही पिढ्यांत शेपट्या, रंग, ताकद सगळं उतरतं. मधूनमधून दुसरीकडून एखादा नर आणत जा.

थंडीत पुण्या-नाशिककडे रात्री पाणी २० च्या खाली गेलं की अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके येतात. हीटरने हळूहळू ३० पर्यंत न्या, हवा वाढवा, आणि ठिपके गेल्यावरही उपचार लगेच थांबवू नका, कारण अंगावरून गळून पडलेला परजीवी तळाशी वाढून पुन्हा माशावर येतो.

आणि पिल्लं जास्त झाली तर ओढ्यात, नदीत सोडून येऊ नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडच्या ओढ्यात स्थानिक माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही खातो. बरेच दुकानदार पिल्लं घेऊन बदल्यात खाण्याचं पाकीट देतात, नाहीतर मित्रमंडळींना द्या, सोबत त्या जुन्या स्पंजचा एक तुकडाही द्या.