घरी पीसीबी करायचाय? आधी तांबं घासा

आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं. मोटार चालू करून माणूस परत आडवा होतो आणि डोळा लागला की टाकी भरून धो धो पाणी खाली, मग शेजारच्या काकू हाका मारून अख्खी गल्ली उठवतात. म्हणून मी टाकी भरली की बोंबलणारा एक अलार्म केला, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, एक बझर आणि ९ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर, बास. पहिला झीरो पीसीबीवर केला होता, तो भोकाभोकांचा बोर्ड, मागं बघितलं तर तारांच्या नुसत्या शेवया. मग त्याच काकूंनी मागितला, त्यांच्या भावानं मागितला, आणि तीन-तीन वेळा शेवया वळायला मला होणार नव्हतं, म्हणून नीट पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघा (ट्रॅक) असलेला सर्किट बोर्ड, घरीच केला. इथं तीच पद्धत सांगतोय, टोनर ट्रान्सफरची, लेझर प्रिंट आणि इस्त्रीवाली.

आता कुणी म्हणेल बाहेरनं करून मागव की, स्वस्तात येतात. येतात, आणि तुम्हाला दोन्ही बाजूंनी ट्रॅक असलेला, बारीक एसएमडीचा (भोकं न पाडता वरच सोल्डर होणाऱ्या पार्टांचा), वर हिरवा थर म्हणजे मास्क असलेला बोर्ड पाहिजे असेल तर तिकडनंच मागवा, उगीच घरी कुस्ती खेळू नका. पण रात्री डोक्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हातात पाहिजे, एकच पाहिजे, एका बाजूचा चालतोय, तर घरच्यासारखं काही नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. बोर्ड फसला की सगळे इस्त्रीला नाहीतर तांबं विरघळवायच्या ॲसिडला शिव्या देतात. माझे जेवढे फसले ते जवळपास सगळे त्याच्या आधीच फसलेले होते, तांबं नीट घासलेलं नव्हतं नाहीतर प्रिंट फिकी होती.

सामान म्हणाल तर कॉपर क्लॅड शीट (तांब्याचा थर चिकटवलेला बोर्ड), नको ते तांबं विरघळवायला फेरिक क्लोराईड, आणि १ मिलिमीटरच्या आतबाहेरचे ड्रिल बिट एवढंच विकत आणायचं, बाकी घरात असतं. क्लॅड दोन जातीचं येतं, तपकिरी कागदी फिनॉलिकचं आणि फिकट हिरवट-पिवळं फायबर ग्लासचं, त्याला एफआर ४ म्हणतात. कागदी स्वस्त आहे, कापायला-भोक पाडायला मऊ आहे, पण दोनदा सोल्डर काढलं की पॅड, म्हणजे पार्टाचा पाय सोल्डर करायचा तांब्याचा गोल, उचलतंय. मी १.६ मिलिमीटरचं एफआर ४ घेतो. त्यावरचा तांब्याचा थर ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक, आणि हा सगळा खटाटोप तेवढा थर नको तिथनं काढण्यासाठी. आमच्या सांगलीत एखादी वस्तू नाही मिळाली तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाठवा, तिथं मिळून जातं.

डिझाईन कीकॅड नावाच्या सॉफ्टवेअरमधे करा, फुकट आहे. घरच्या बोर्डाला ट्रॅक १ मिलिमीटरचे ठेवा, अगदीच अडलं तर ०.८, दोन ट्रॅकमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नको. पॅड मोठे ठेवा, २ मिलिमीटर तरी, कारण हातानं ड्रिल मारताना भोक मधोमध बसत नाही आणि लहान पॅडचं नुसतं कडं शिल्लक राहतं. सगळे ट्रॅक बॉटम लेयरवर, म्हणजे खालच्या बाजूला घ्या, जिथं एकमेकांना ओलांडायची वेळ येते तिथं वरनं जंपर, म्हणजे तारेचा तुकडा टाका, रेझिस्टरच्या कापलेल्या तारा त्यालाच ठेवायच्या असतात. मोकळ्या जागेत ग्राउंडचं (सर्किटच्या निगेटिव्हचं) तांबं भरून टाका, तेवढं तांबं विरघळवायला लागत नाही, केमिकल जास्त दिवस पुरतं. आणि प्लॉट करताना ड्रिल मार्क स्मॉल ठेवा, म्हणजे प्रत्येक पॅडच्या मधे बारीक ठिपका कोरला जातो आणि ड्रिल तिथंच बसतं, घसरत नाही. ही एक सेटिंग मला फार उशिरा कळली.

आता उलट-सुलट. इथं सगळे एकदा तरी आपटतात. सॉफ्टवेअर बोर्ड वरनं दाखवतं, म्हणजे बॉटमचे ट्रॅक तुम्ही आरपार बघताय. कागद तांब्यावर पालथा पडणार, म्हणजे तो एकदा आपोआप उलटणारच, म्हणून बॉटम लेयर आहे तसाच प्रिंट करायचा, मिररवर टिक नाही. खात्रीसाठी बॉटम लेयरवर दोन अक्षरं टाकून ठेवा, कागदावर ती उलटी दिसली पाहिजेत, तांब्यावर उतरल्यावर सुलटी. मी एकदा ५५५ टायमरचा (आठ पायांचा आयसी) बोर्ड हौसेनं मिरर मारून काढला, एचिंग म्हणजे तांबं विरघळवणं झालं, भोकं पाडली, आयसी बसवायला गेलो आणि १ नंबरच्या पिनच्या जागी ८ नंबर. ट्रान्झिस्टर असता तर फिरवून बसवला असता, तीन पाय एका रांगेत, पाठ फिरवली की काम झालं. आयसीला ते चालत नाही. शेवटी आयसी तांब्याच्या बाजूनं सोल्डर केला, चालला बोर्ड, पण दाखवायची सोय नाही.

प्रिंट लेझरचीच पाहिजे. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड असते, इस्त्रीनं ती वितळून तांब्याला चिकटते आणि तिच्याखालचं तांबं वाचतं. इंकजेटची शाई पाण्यात गेली की गेली. कागद गुळगुळीत पाहिजे, एखाद्या मासिकाचं आतलं चकचकीत पान चालतं, छापलेलं असलं तरी चालतं, ती शाई उतरत नाही. नाहीतर पिवळा ट्रान्सफर पेपर येतो तो उत्तमच. इंकजेटचा फोटो पेपर मात्र लेझर मशीनमधे घालू नका, काहींवर प्लॅस्टिकचा थर असतो, तो आत वितळून बसला तर मशीनवाला तुम्हाला सोडणार नाही. तसाही झेरॉक्सवाला मासिकाचं पान बघून तोंड वाकडं करतोच. आमचा म्हणाला, दादा असला कागद मशीनला नको, अडकतोय. मग मी पान साध्या ए फोर कागदावर चारी बाजूंनी टेपनं सपाट चिकटवून दिलं, एक कॉपी निघाली, आता तो स्वतःच विचारतो आज काय छापायचंय. टोनर सेव्ह बंद, डार्कनेस फुल्ल, आणि साईज शंभर टक्के, फिट टू पेज अजिबात नको. घरी आल्यावर आयसीचा सॉकेट कागदावर ठेवून बघा, पाय ठिपक्यांवर बसले तर साईज बरोबर, शेवटच्या पायाला सरकायला लागले तर परत झेरॉक्सवाल्याकडं.

आता घासायचं. क्लॅड हेक्सॉ ब्लेडनं मापापेक्षा थोडं मोठं कापा आणि कडेचा बर आधी काढा. कापताना कडेला तांबं किंचित उभं राहतं, डोळ्याला दिसत नाही, पण त्यामुळं इस्त्री कडेला टेकत नाही आणि तिथले ट्रॅक उतरत नाहीत, मग आपण म्हणतो इस्त्रीच खराब. नंतर बारीक पॉलिश पेपर, ४०० नाहीतर ६०० नंबरचा, ओला करून गोल गोल फिरवत घासा. मग भांड्याच्या साबणानं धुवा आणि हे बघा: नळाखाली धरून बोर्ड तिरका केला की पाणी अख्ख्या तांब्यावर पातळ चादरीसारखं पसरून राहिलं पाहिजे. कुठं पाणी फाटलं, थेंब थेंब झालं, तर तिथं अजून तेलकट आहे, परत घासा. चादर फाटायची थांबत नाही तोवर पुढं जायचं नाही. एकदा झालं की तांब्याला बोट लावायचं नाही, कडेनंच धरायचा, बोटाचा ठसा एचिंगनंतर ट्रॅकवर खड्डे होऊन उमटलेला मी बघितलाय, रेघारेघांसकट.

इस्त्री शक्यतो जुनी घ्या, वाफेची असेल तर पाणी काढून टाका, कॉटनवर पूर्ण तापवा. खाली लाकडी फळी, त्यावर बोर्ड तांबं वर करून, त्यावर कागद पालथा, त्यावर सुती फडक्याचा एक पदर. आधी अर्धा मिनिट न हलवता नुसती दाबून धरा म्हणजे कागद चिकटतो, मग टोकानं सगळीकडं, कडेला जास्त, तीन-चार मिनिटं. लहान बोर्डाला एवढं पुरतं. जास्त जोर लावला की टोनर पसरून दोन ट्रॅक एकमेकांच्या गळ्यात पडतात, कमी पडलं की कागदाबरोबर निघून येतो, ह्याचा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डाला येतो. मग थंड होऊ द्या आणि पंधरा मिनिटं पाण्यात टाका. कागद ओढून काढायचा नाही, अंगठ्यानं मळ काढल्यासारखा गोल गोल चोळायचा, लगदा होऊन निघतो. ट्रॅकवर कागदाचे तंतू राहिले तर राहू द्या, दोन ट्रॅकच्या मधले आणि ठिपक्यांतले मात्र जुन्या टूथब्रशनं काढा. वाळल्यावर मधे पांढुरकं दिसतंय का बघा, ते तांबं झाकतं. कुठं ट्रॅक तुटला असेल तर परमनंट मार्करचे दोन हात नाहीतर नेलपॉलिश. अर्ध्याच्या वर बिघडलं असेल तर रफू करत बसू नका, थिनरनं पुसून पहिल्यापासून करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

फेरिक क्लोराईडला सगळे ॲसिड म्हणतात, आहे तो लोखंडाचा क्षार, पण त्याचं पाणी आम्लधर्मीच असतं तेव्हा हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. पाव लिटर पाण्यात साधारण शंभर ग्रॅम, आणि पाण्यात पूड टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, थोडी थोडी, कारण ते चांगलंच गरम होतं. भांडं प्लॅस्टिकचं, आइस्क्रीमचा डबा बेस्ट, आणि तो डबा परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. स्टीलचं भांडं, स्टीलचं सिंक बिलकुल नाही, खड्डे पाडतंय. फरशीवर थेंब पडला तर गंजासारखा पिवळा डाग पडतो तो पडतोच, भाड्याच्या घरात असाल तर गच्चीवर करा, मी बाथरूममधे केलं होतं आणि डिपॉझिट परत घेताना त्या एका टाईलवर फार बोलणं झालं.

डबा गरम पाण्याच्या टबात ठेवा, द्रावण चाळीस-पन्नास अंशांपर्यंत कोमट झालं की काम पटापट होतं, डिसेंबरात सकाळी गार द्रावणात टाकला तर तासभर उभे राहाल. बोर्ड टाकला की मिनिटाभरात तांब्याची चकाकी जाऊन तो मळकट गुलाबी होतो. मग डबा एका बाजूनं उचलायचा-ठेवायचा, पाळणा हलवल्यासारखा, सारखा. तांबं आधी कडेनं आणि ट्रॅकच्या भोवतीनं जातं, मोकळ्या जागेच्या मधोमध सगळ्यात शेवटी, तिथं एक बेट राहतं आणि ते बघता बघता लहान होत जातं. ते बेट गेलं की लगेच बाहेर. अजून दोन मिनिटं असू दे म्हणालात की ट्रॅक बाजूनं खाल्ले जातात. प्लॅस्टिकच्या चिमट्यानं धरून उजेडाकडं करून बघा, एफआर ४ मधनं उजेड आरपार येतो, राहिलेलं तांबं काळं दिसतं. वीस मिनिटांच्या आतबाहेर होतं, जुन्या द्रावणात जास्त.

काहीजण संडास साफ करायचं ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साईड मिसळून करतात, झटपट होतं खरं, पण त्याचे धूर निघतात आणि खोलीतली सगळी हत्यारं गंजतात. मी एकदाच केलं, परत नाही.

वापरलेलं द्रावण फेकायचं नसतं, गाळून बाटलीत भरा, बरेच बोर्ड होतात. अगदीच दमलं, हिरवट होऊन तासाभरातही खाईना, तर त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येतो म्हणून मोठ्या बादलीत. फेस यायचा थांबला की गाळ खाली बसतो, तो गाळ वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडंच द्यायचा. गटारात नाही. तांबं माशांना विष आहे आणि सांगलीतल्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातंय म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतोय, त्यात आपली भर कशाला.

बोर्ड भरपूर पाण्यानं धुवून टोनर थिनरनं पुसला की खालनं लखलखीत ट्रॅक निघतात, तेव्हा बरं वाटतं. ड्रिल रेझिस्टर-ट्रान्झिस्टरला ०.८, जाड पायांच्या डायोडला आणि कनेक्टरला १, स्क्रूला ३ मिलिमीटर. तांब्याच्या बाजूनं मारा, खाली लाकूड घ्या. कार्बाईडचे बिट फायबरला टिकतात पण हातातल्या ड्रिलवर जरा तिरका जोर आला की टिचकन मोडतात, स्टँड नसेल तर साधे एचएसएसचे, म्हणजे स्टीलचेच घ्या, लवकर बोथट होतात पण मोडत नाहीत. मास्क लावा, ती काचेची पूड आहे, फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

सोल्डर करायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा. केसाएवढी तांब्याची रेघ राहिली असेल तर कटरनं ओरबाडा. मग राळ कुटून स्पिरिटमधे विरघळवून ब्रशनं एक हात मारा, तांबं काळं पडत नाही आणि सोल्डरही पटकन धरतं. पहिल्याच बोर्डावर मोटार बंद करायचा रिले (विजेनं चालणारा स्विच) घेऊ नका, तिथं २३० व्होल्ट येतात आणि त्या ट्रॅकमधे अंतर फार लागतं. आधी बझर वाजू दे. टाकीत सोडायच्या तारांना टोकाला स्टेनलेसचे स्क्रू लावा, नुसती तांब्याची तार डीसीवर काही महिन्यांत हिरवी होऊन खाल्ली जाते, काकूंचा पहिला अलार्म त्यानंच गप्प झाला होता.

आणि फेरिकच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, कोल्ड्रिंकची बाटली कधीच घेऊ नका, रंग तसाच दिसतो. पोरांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या जिन्याला पाणी लागलं तेव्हा मी टीव्हीच्या आधी ती बाटली वर नेली होती, बायको अजून ऐकवते.