डोझरला थ्री पॉइंट लिंकेज बसवताय? या चुका टाळा

आमच्या निपाणी-चिकोडी भागात चेनच्या ट्रॅक्टरला, मग तो कुठल्या का कंपनीचा असेना, डोझरच म्हणतात. असा एखादा जुना डोझर शेडमागं गंजत पडलेला असतो. उसाचं रान मोकळं झालं, की त्याला थ्री पॉइंट लिंकेज (मागं औजार धरायची खालच्या दोन आणि वरच्या एका दांड्याची जोडणी) बसवून सबसॉयलर, म्हणजे खोलवरची घट्ट माती फोडणारं औजार, ओढायचं मालकाच्या मनात येतं. विचार वाईट नाही, काळ्या रानात चेनीसारखी पकड चाकाला नाही. घोळ होतो तो जोडणीत.

सगळ्यात महागात पडते ती ट्रॅक फ्रेमला, म्हणजे चेन ज्याच्याभोवती फिरते त्या सांगाड्याला, ब्रॅकेट वेल्ड करण्याची चूक. फ्रेम जाड, सरळ आणि हाताशी, त्यामुळं वेल्डरचा हात तिकडंच जातो. पण बऱ्याच मॉडेलांत डावी आणि उजवी फ्रेम बॉडीखाली वेगवेगळी वरखाली हलते. एक चेन बांधावर चढली, की त्या बाजूची लोअर लिंक (खालचा दांडा) उचलली जाते, दुसरी खालीच राहते आणि औजार पिळवटतं. मग पिना तुटतात, नाहीतर ब्रॅकेट उपटून येतं. तपासणं सोपं आहे. एका चेनखाली लाकडी ओंडका घालून गाडी वर चढवा आणि फ्रेम व बॉडीतलं अंतर मोजा. अंतर बदललं, तर तिथं काही जोडू नका.

जोडणी ट्रान्समिशनच्या मागच्या केसला करायची, तीही मूळ ड्रॉबारच्या (मागं ओढायच्या दांड्याच्या) बोल्टांच्या भोकांतून. केस बिडाची असेल तर तिच्यावर वेल्डिंग केलं की तडा जायची भीती. त्यापेक्षा जाड प्लेटवर भोकं जुळवून घ्या. बेळगावात उद्यमबागेत मशीनिंगवाल्यांना तोटा नाही.

दुसरी गोष्ट वळण्याची. चाकाचा ट्रॅक्टर पुढची चाकं फिरवून वळतो. डोझर एका बाजूच्या चेनीचा क्लच सुटा करून, ब्रेक दाबून वळतो, तेव्हा त्याचं शेपूट बाजूला फेकलं जातं. फाळ जमिनीत असेल आणि चेक चेनी (लिंकांचं आजूबाजूला हलणं रोखणाऱ्या साखळ्या) आवळलेल्या असतील तर गाडी वळतच नाही. ड्रायव्हर ब्रेक आणखी दाबतो आणि लाइनिंग जळतं. काम चालू असताना लिंकांना आजूबाजूला झोका हवा, औजार उचललं की चेक चेनी ताणून ते मधोमध यायला हवं. आमचे ड्रायव्हर मामा कन्नड. बांध जवळ आला की मी मागून ‘एत्री, एत्री’ ओरडतो. आधी उचला, मग वळवा.

झोका ठेवला म्हणून माझाही एकदा तोटा झाला. कोरड्या रानात लिंक आणि गाडीच्या चेनीच्या पट्ट्यांत चार बोटं अंतर होतं. पाऊस झाल्यावर चिखल थापला गेला, तो लिंकेला घासला आणि डावी लिंक वाकली. आता वीतभर सोडतो.

पिनांचं थोडक्यात, जोडणीच्या मापाच्या कॅटेगरीप्रमाणं: कॅटेगरी एकला खालची पिन 22 मिमी आणि वरची 19, कॅटेगरी दोनला 28 आणि 25. लिंकेच्या टोकाच्या मोठ्या गोळ्यात बारीक पिन घालायची असेल तर बुश घाला, तार गुंडाळू नका. टॉप लिंक (वरचा दांडा) काम करताना ट्रॅक्टरकडं जरा उतरती असावी. ती खालच्या लिंकांना समांतर ठेवली तर फाळ नीट घुसत नाही.

हायड्रॉलिकमध्ये ब्लेडच्याच व्हॉल्व्हवर भागवलं जातं. ब्लेडचा सिलेंडर दोन्ही बाजूंनी दाब देतो, म्हणून फ्लोट (सिलेंडर मोकळा सोडायची सोय) नसेल तर औजार जमिनीच्या चढउताराबरोबर हलत नाही. खाली जोरात दाबलं तर गाडीचं मागचं अंगच उचलतं. फ्लोट असलेला व्हॉल्व्ह बसवा. हॅरी फर्ग्युसननं आणलेल्या पद्धतीत औजारावरची ओढ ओळखून लिफ्ट आपोआप खोली सांभाळते. आपल्या जुगाडात ते नाही, म्हणून डेप्थ व्हील (खोली ठरवणारं चाक) लावा. आणि जुन्या गिअर पंपाला क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्ह (मधल्या जागी तेलाची वाट बंद करणारा) जोडलात तर तेल सतत रिलीफ व्हॉल्व्हमधून जाऊन तापतं. टाकीला हात लावून बघितलं की कळतं.

पुढचं ब्लेड मात्र काढून ठेवू नका. मागं औजार उचललं की चेनीचं पुढचं टोक हलकं होतं, तेव्हा तेच वजन कामाला येतं. दोन एकर नांगरून झाले की गाडी थांबवून केसचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.