फॉरेनला जायचंय आणि वजन शंभरच्या वर आहे? मग आधी शिंप्याचा टेप काढा

पहिले आपलं सांगून टाकते. मी ११८ किलोची, राहणार नागपूर, आणि त्यातले अर्धे किलो तर्री पोह्याचे आणि उरलेले संत्रा बर्फीचे असं आमच्या घरी म्हणतात. पहिल्यांदा बाहेर गेली तेव्हा अख्खी टूर "मी इथं मावीन का" याच टेन्शनमध्ये गेली, फोटोत पण मी हसून नाही राहिली. आता तसं होत नाही. वजन कमी झालं म्हणून नाही हो, तेवढंच आहे, फक्त आता मी निघायच्या आधी मोजून घेते.

तर टेप. उभ्यानं घेतलेलं कमरेचं माप इथं कामाचं नाही, कारण बसल्यावर माणूस पसरतो. भिंतीला एक बाजू चिकटवून स्टुलावर बसा, दुसऱ्या बाजूनं घरातल्या कोणाला तरी एक जाडजूड पुस्तक मांडीला टेकवून उभं धरायला सांगा (आमच्याकडे पोराचं गाईड कामी आलं), मग हळूच उठा आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत किती इंच भरते ते पाहा. माझे साडेवीस भरले. नवरा हसून राहिला होता, मग मी त्याचे मोजले, तो गप्प.

आता हा आकडा विमानाच्या सीटला लावा. इकॉनॉमीची सीट बहुतेक १७ ते १८ इंचाची असते. बोइंग ७३७ मध्ये १७ च्या आसपास, एअरबस ए३२० मध्ये १८ च्या आसपास, मोठ्या विमानात म्हणाल तर बोइंग ७७७ मध्ये एका रांगेत दहा सीटा असल्या की १७ आणि एअरबस ए३५० मध्ये नऊ असल्या की साधारण १८. एक इंचानं काय होते असं बारीक माणसाला वाटते, आपल्याला विचारा. तिकीट काढताना विमान कोणतं ते लिहिलेलं असते, ते पाहा. आपल्याला बहुतेक वेळा मुंबई नाहीतर दिल्ली करूनच जावं लागते, म्हणून दोन्ही विमानं पाहा, मोठं आरामाचं घेतलं आणि नागपूरच्या छोट्या फ्लाइटमध्ये अडकलो असं नको.

सीट निवडताना सगळ्यात पुढची रांग आणि इमर्जन्सी दरवाजाजवळची रांग सोडा. पाय पसरायला जागा असते हे खरं, पण तिथं जेवणाचा ट्रे बरेचदा हाताच्या दांडीतच असतो, म्हणून ती दांडी वर होत नाही आणि सीट अजून अरुंद होते. आणि बेल्टचा जोड लागत असेल तर इमर्जन्सी रांगेत बसूच देत नाहीत, मी जास्तीचे पैसे भरून ती सीट घेतली होती आणि सगळ्यांसमोर मला उठवून मागं पाठवलं, पैसे परत मागायला तीन मेल करावे लागले. बाकीच्या रांगांत दांडी वर होते, कडेच्या सीटची सुद्धा होते बऱ्याच विमानात, फक्त तिचं बटण खाली बिजागरीजवळ लपलेलं असते, बोटानं चाचपून पाहा. मला स्वतःला खिडकीच बरी वाटते, भिंतीला रेलता येते. कडेला बसलं की खांद्याला ट्रॉली लागते, दर वेळी.

बेल्टचा जोड म्हणजे एक्स्टेंडर. फुकट असतो. विमानात शिरताना दारात जी एअर होस्टेस उभी असते तिलाच हळू आवाजात सांगायचं, "एक्स्टेंडर प्लीज". पहिल्यांदा मी मागितलाच नव्हता, पोट आत ओढून बेल्ट लावला आणि चार तास श्वास मोजत बसली, असा वेडेपणा नका करू. दुसऱ्यांदा मागितला तर तिनं ब्लँकेटखाली झाकून आणून दिला, शेजारच्याला कळलं पण नाही. ऑनलाइन विकत घेऊन स्वतःचा नेऊ नका, सगळ्या विमानांचं बक्कल सारखं नसते आणि बऱ्याच कंपन्या बाहेरचा लावू देत नाहीत.

लांबचा प्रवास असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर दोन सीटा घ्या नाहीतर प्रीमियम इकॉनॉमी पाहा, तिथं साधारण १९ इंच भेटतात. दोन सीटांचं काम वेबसाइटवर न करता कंपनीला फोन लावून करा, एकाच नावावर दोन तिकिटं पाहून सिस्टीम एक कॅन्सल करू शकते. दुसऱ्या सीटचा बोर्डिंग पास पण हातात ठेवा, नाहीतर फ्लाइट फुल असली की कोणीतरी येऊन बसते आणि मग भांडत बसा.

पायांचं सांगायचं राहिलं. चार तासांच्या वर बसून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि जाड माणसाला तो जास्तच असतो, म्हणून उठून फिरा, टाचा वर-खाली करा, आणि घट्ट मोजे घालायचे का ते आपल्या डॉक्टरला विचारून घ्या. रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकाला लावतात ते) लावत असाल तर ते हातातल्या बॅगेतच न्या. चार्जरच्या पिनचा पण घोळ असतो, सिंगापूर, मलेशिया, दुबईला चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, स्वित्झर्लंडचा वेगळाच.

मांड्या घासून सोलतात हे मे महिन्यात सीताबर्डीवर खरेदीला गेलेल्या कोणाला शिकवावं लागत नाही. पण घरी रिक्षा करून परत येता येते, रोमला कुठून आणता रिक्षा. कुर्तीखाली सायकलिंग शॉर्ट्स, सकाळी पेट्रोलियम जेली, आणि ती डबी १०० मिलीच्या वर असेल तर चेक-इन बॅगेत. कपडे इथूनच पुरेसे न्या, बँकॉकच्या बाजारात माझ्या मापाचं शोधता शोधता फक्त छत्री घेऊन आली. बूट नवे नकोत, निघायच्या महिनाभर आधी तेच घालून आपल्या फुटाळा तलावाला चकरा मारा.

पायऱ्यांचे आकडे आधीच काढून ठेवा. क्वालालंपूरच्या बटू केव्हजला (डोंगरातल्या गुहेतलं देऊळ) २७२ आहेत. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३, लिफ्ट नाही. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला ५५१, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि वर जिना इतका अरुंद की भिंती दोन्हीकडून लागतात. मी लिफ्टनं गच्चीपर्यंत गेली, तिथं कॉफी घेऊन निवांत बसली, नवरा वर जाऊन लालेलाल होऊन आला. झिपलाइन, पॅराग्लायडिंग, घोडा, हेलिकॉप्टर यांना वजनाची मर्यादा असते, बुकिंगच्या आधीच खरं वजन सांगा, दहा किलो कमी सांगून तिथं काट्यावर उभं राहण्यात काय मजा. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत काही राइडच्या बाहेर तशीच सीट ठेवलेली असते, लाइनीत उभं राहायच्या आधी तिच्यात बसून पाहा.

युरोपात जुन्या हॉटेलची लिफ्ट म्हणजे आपलं गोदरेजचं कपाट, मी आणि सुटकेस दोघी एकदम नाही मावत, म्हणून खालचा मजला मागून घ्या. ट्रेनला फर्स्ट क्लास पाहा, तिथं बऱ्याच गाड्यांत रांगेत तीनच सीटा असतात.

आणि खुर्च्या. व्हिएतनाममध्ये रस्त्यावर जेवायला ते पोरांसारखे छोटे प्लास्टिकचे स्टूल असतात, ते पाहून मी हनोईत खाण्याच्या गाडीपासून लांबच उभी होती. गाडीवाल्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही बोलली नाही, चार स्टूल उचलले, एकात एक घट्ट बसवले, हातानं दाबून पाहिले आणि माझ्यासमोर ठेवले. मी दोन वाट्या फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खाल्लं.