हार्वेस्टरवर पहिला हंगाम धरताना

हार्वेस्टर चालवायला पंधरा दिवसांत येतं. सेटिंग हातात बसायला मला तीन हंगाम लागले. आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड केला आणि परभणीकडे एका पंजाबी उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो. बारावी सायन्स असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. आहे, तोही रस्ता चांगला. पण वावरात उतरावं दोघांनाही लागतं.

पहिल्याच ऑक्टोबरात माझ्याकडून चूक झाली. दाणे झोडून काढणाऱ्या ड्रमचा वेग गव्हाचाच राहिला होता आणि मी तसंच मशीन सोयाबीनमध्ये घातलं. टाकी भरल्यावर शेतमालक काकांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले. दहातल्या दोन दाण्यांची डाळ झालेली. "बाळा, ह्यातलंच बी ठेवायचं होतं मला," एवढंच बोलले. ते अजून डोक्यातून जात नाही. सोयाबीनचं साल फार पातळ. दाणा वरून अख्खा दिसतो, पण आत मार बसलेला असला की उगवत नाही. म्हणून बियाण्याच्या प्लॉटला ड्रम हळू ठेवा, ड्रमखालच्या जाळीचं अंतर वाढवा आणि पहिली टाकी भरू लागली की दाणे हातात घेऊन बघा. नंतर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. 70 च्या वर उगवले तर बी ठेवण्यासारखं.

दुसरी सवय म्हणजे खाली उतरून मशीनच्या मागं बघायचं. एक चौरस मीटर आखा, गुळी म्हणजे मळणीनंतरचा भुसा बाजूला सारा, दाणे मोजा. 100 दाणे सापडले तर एकरी 40 किलोच्या वर माल मातीत गेला. शेंगांसकट फांद्या पडल्या असतील तर दोष कटरबारचा (पीक कापणारी पुढची पट्टी) किंवा रीलचा (पीक आत ओढणारं फिरतं चक्र). सुटे दाणे गुळीबरोबर येत असतील तर पंखा नाहीतर चाळणी बघा. खालच्या शेंगा सुटतात त्या बहुतेक वेळा कटरबार उंच ठेवल्यामुळं. एमएयूएस 162 सारखं सरळ वाढणारं वाण असलं की काम हलकं होतं.

सकाळी दहिवर असताना मशीन घालू नका, ओली ताटं ड्रमला गुंडाळतात. भर दुपारी कडक वाळलेल्या शेंगा रीलचा फटका बसताच फुटतात. परतीचा पाऊस पडून गेला की काळ्या रानात मशीन रुततं, तेव्हा मालकानं कितीही घाई केली तरी आधी पाय दाबून रान बघा.

ट्रॅक्टरवरच्या मळणीयंत्रावर काम असेल तर गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मळणीयंत्राला देणारा, शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. ओढला गेल्यावर ओरडायलाही वेळ मिळत नाही. हार्वेस्टरमध्ये ताटं अडकली की इंजिन बंद करा, किल्ली काढून आपल्याच खिशात घाला आणि मगच कटरबारात हात घाला, उस्ताद कितीही ओरडला तरी.