अंगणात, गच्चीवर वाय-फाय पोहोचत नाही? या चुका टाळा

घरात व्हिडिओ सुरळीत चालतो, पण दार ओलांडून अंगणात खुर्ची टाकली की नुसतं चक्र फिरत बसतं. अशा वेळी बहुतेक जण सहा-आठ अँटेनांचा नवा राउटर घेऊन येतात. खर्च होतो आणि अंगण होतं तिथेच राहतं. कारण खरी अडचण अंतराची नसते, भिंतीची असते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) उतरतो. सळईच्या काँक्रीटची एकच जाड भिंत १५ ते २० डेसिबल गिळू शकते. म्हणजे ती भिंत ओलांडणं आणि मोकळ्यावर सात-आठपट दूर जाणं, दोन्ही जवळपास सारखंच. ऊन अडवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेली काचही तितकीच वाईट. पारदर्शक असल्यामुळे तिच्यावर संशय येत नाही इतकंच. लोखंडी दार, बारीक धातूची जाळी, पाण्याची टाकी आणि पावसात भिजलेली दाट झाडी यांचीही त्यात भर पडते. म्हणून भिंतीतून सिग्नल नेण्याची धडपड सोडा, वायर न्या. तसं करण्याआधी काय चुकतंय ते मात्र पाहून घ्या.

न मोजता खरेदी करणं

फोनवरच्या पट्ट्यांवर विसंबू नका, आकडा बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप चालेल. मॅकवर ऑप्शन की दाबून वरच्या वाय-फाय चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय, म्हणजे मिळणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा, दिसतो. दार बंद करा, नेहमी बसता त्याच जागी बसा, फोन नेहमीसारखा हातात धरा आणि अर्धा मिनिट थांबून आकडा लिहून घ्या. उणे ५५ डीबीएम म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे अडखळतो आणि उणे ८० नंतर जोडणी टिकण्याची खात्री नाही.

त्याच जागेवरून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ ला, पिंग करून बघा, म्हणजे हाक देऊन उत्तर किती वेळात येतं ते मोजा. उत्तर सतत काही मिलिसेकंदांत येत असेल तर वाय-फाय ठीक आहे आणि दोष बाहेरच्या इंटरनेट लाइनमध्ये आहे. आकडा शंभरावर उड्या मारत असेल किंवा उत्तरंच गळत असतील तर पुढे वाचा.

राउटरची ताकद वाढवत बसणं

वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज लहानच. त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचायला हवं. ताकद कमाल केली की पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि फोटो मात्र अपलोड होत नाही, ते यामुळेच.

जास्त गेनच्या, म्हणजे सिग्नल ठरावीक दिशेला एकवटणाऱ्या, अँटेनाचंही तसंच. उभी अँटेना आडव्या पातळीत चारही बाजूंना पसरते, टोकाच्या दिशेला फारच कमी. गेन वाढला की हा पसारा आणखी चपटा होतो. अंगणाला फायदा, पण बरोबर डोक्यावरच्या गच्चीला तोटा. गच्चीसाठी दोनपैकी एक अँटेना आडवी करून पाहा. त्याला काही खर्च नाही.

रिपीटर अंगणात लावणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जिथे सिग्नल मेलेला आहे तिथे रिपीटर लावला तर तो मेलेला सिग्नलच पुढे पाठवतो. फोनवर पट्ट्या पूर्ण, वेग शून्य. त्याची जागा राउटर आणि अंगण यांच्या मध्ये, राउटरचा आकडा उणे ६० ते ६५ असेल तिथे; शक्यतो अंगणाकडच्या साध्या काचेच्या खिडकीपाशी. एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकणं आणि बोलणं आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मेशच्या, म्हणजे घरभर ठेवून एकमेकांशी जोडलेल्या राउटरांच्या, वायरलेस जोडणीलाही भिंतीचा नियम लागूच.

वायर नेताना होणाऱ्या चुका

खात्रीचा उपाय एकच: बाहेरच्या वापराचा, आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) किंवा त्यावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरने राउटरला जोडलेलं, वाय-फाय पसरवणारं उपकरण) भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, छज्जाखाली बसवणं. घरातला राउटर प्लास्टिकच्या डब्यात कोंबून बाहेर टांगू नका. अशी उपकरणं सहसा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात आणि उन्हात बंद डबा त्याच्या कितीतरी वर जातो.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची, उन्हाला टिकणाऱ्या काळ्या बाह्य आवरणाची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त. त्याच केबलमधून वीज पाठवली की ती तापते आणि टोकाला व्होल्टेज कमी पडतं. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरसोबत एकाच पाइपात घालू नका.

भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. झोल नसेल तर पावसाचं पाणी केबलवरून सरळ घरात येतं.

पीओई इंजेक्टर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पाठवणारं उपकरण, जुळवून घ्या. ८०२.३एएफ प्रकार आधी उपकरणाला विचारून मगच वीज देतो. २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर न विचारता देतो आणि चुकीचं उपकरण जळू शकतं. उघड्यावरच्या केबलला, घरात शिरते तिथे, अर्थिंग जोडलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका जमिनीत सोडणारं उपकरण) लावा. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर नुसता शोभेचा.

सेटिंगमधले घोळ

दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरत असाल तर तो त्याच मोडवर टाका, नाहीतर दोघेही उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात आणि घरातला प्रिंटर अंगणातून दिसत नाही. नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही सारखे ठेवा. २.४ गीगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झची रुंदी आणि १, ६, ११ पैकी चॅनेल, आतल्या-बाहेरच्याचा वेगळा.

बाहेर आल्यावरही फोन आतल्या राउटरला चिकटून राहतो का? कुठे जोडायचं ते फोन ठरवतो. आयफोन तर उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधतच नाही. इथे आतल्या राउटरची २.४ ची ताकद मध्यमवर आणा. कमी केल्यावर चांगलं चालतं, हे आधी पटत नाही, पण करून बघा.

पावसाळ्यानंतर वेग अचानक १००० वरून १०० मेगाबिटवर अडकला तर चॅनेल बदलत बसू नका. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एक गंजली की जोडणी १०० वर उतरते. बाहेरचा कनेक्टर काढा, पिनांवर हिरवट थर दिसला तर टोक कापून नवा कनेक्टर क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा.