लहानपणीचं 'जपानी रामायण' पुन्हा बघायचंय? मग असं बघा

मे महिन्याच्या सुट्टीत कार्टून नेटवर्कवर लागायचं ते रामायण आठवतंय ना? आम्ही मावशीकडे पाच-सहा भावंडं टीव्हीसमोर फतकल मारून बसायचो आणि वानरसेना सेतू बांधायला लागली की गाण्याच्या तालावर घरातल्या सगळ्या उशा हॉलमध्ये आणून आमचा पण पूल सुरू. त्याचं पूर्ण नाव 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम', १९९२ चा सिनेमा, जपानचे युगो साको, कोइची सासाकी आणि आपले ॲनिमेटर राम मोहन यांनी मिळून केलेला. मी गेल्या वर्षी पुन्हा बघायला घेतला तेव्हा पहिल्यांदा मोबाईलवर, ट्रेनमध्ये, तुकड्यातुकड्याने बघितला आणि काहीच वाटलं नाही, त्याचंच इतकं वाईट वाटलं की काय सांगू. नंतर नीट बसून बघितला तेव्हा जटायूच्या सीनलाच रडू आलं. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी कुठलं व्हर्जन बघताय ते बघा, अर्धी मजा इथेच ठरते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात जे बसलंय ते जुनं हिंदी डबिंग, अरुण गोविलचा राम, अमरीश पुरींचा रावण आणि निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा. जानेवारी २०२५ मध्ये थिएटरला ४के करून पुन्हा आला तेव्हा हिंदीतले आवाज नवीन होते, चित्र अप्रतिम दिसतं पण तुम्हाला तो लहानपणीचा रावण ऐकायचा असेल तर चुकल्यासारखं होणार, हे आधीच माहीत असलेलं बरं. अजून एक अमेरिकन व्हर्जन आहे, 'द प्रिन्स ऑफ लाइट' नावाचं, त्यात रामाला 'ब्रेकिंग बॅड'वाल्या ब्रायन क्रॅन्स्टनचा आवाज आहे, पण ते कापून लहान केलंय आणि पहिल्या वेळेला तरी ते घेऊ नका. ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी, पूर्ण सिनेमा सव्वादोन तासांचा आहे, दीड तासाच्या आसपास असेल तर सोडून द्या.

माझा सल्ला विचाराल तर दोनदा बघा. एकदा जुन्या हिंदीत, आठवणीसाठी. आणि काही दिवसांनी मूळ इंग्लिशमध्ये, कारण त्यात गाणी संस्कृत आहेत! मला हे माहीतच नव्हतं. संगीत वनराज भाटियांचं आणि संस्कृत शब्द वसंत देवांचे, म्हणजे दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज' मालिकेचं ते अंगावर काटा आणणारं शीर्षकगीत ज्यांनी केलं तीच जोडी. वसंत देवांनी आपली मराठी नाटकं हिंदीत नेली, हे नाटकवाल्यांना सांगायला नकोच. तेच सीन, तीच चित्रं, पण शब्द संस्कृत आले की सगळं एकदम गंभीर, देवळात बसल्यासारखं वाटतं.

आता टीव्हीचं. आजकालच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करायचं एक सेटिंग असतं, मोशन स्मूदिंग किंवा कंपनीप्रमाणे काहीतरी वेगळं नाव, ते बंद करा, प्लीज करा. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलेलं असतं आणि टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या मनाने भरायला लागला की हनुमानाची झेप पाण्यात पोहल्यासारखी दिसते. कलर 'सिनेमा' मोडवर ठेवा. आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर सोडू नका, साउंडबार नसेल तर चांगला हेडफोन लावा, कारण हा सिनेमा आपण जितका बघितला त्यापेक्षा जास्त ऐकलाय.

मुलांना घेऊन बसणार असाल तर मध्ये एकच ब्रेक, हनुमान समुद्र ओलांडायच्या आधी. त्याच्यानंतर थांबवलंत तर लय तुटते, अशोकवन, लंकादहन, सेतू आणि मग युद्ध, हे सलगच बघायला हवं. युद्ध मोठं आहे आणि कुंभकर्ण खरंच भीतीदायक आहे, माझा पाच वर्षांचा भाचा सोफ्याच्या मागे गेला होता, तेव्हा लहानांना मांडीवर घ्या. ते विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे द्या, "गप्प बस आणि बघ" म्हणू नका, आपल्याला आजीने गोष्ट सांगताना पन्नास वेळा थांबू दिलं होतं की.

दुसऱ्यांदा बघताना कथेकडे लक्ष द्यायची गरज नसते, तेव्हा हात बघा. नमस्कार करताना जुळलेले, आशीर्वाद देताना उचललेले, मोठ्यांच्या पायाशी गेलेले. साको १९८३ मध्ये भारतात आले होते ते रामायणाशी जोडलेल्या उत्खननावर डॉक्युमेंटरी करायला, तिथून ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली. पण चित्रं काढणाऱ्या जपानी टीमला धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात हे भारतीय ॲनिमेटर्सनी समजावून सांगितलं. मग रामाने कौसल्येचा निरोप घेतानाचा सीन पुन्हा लावा. आपल्या घरातलंच कोणीतरी बाहेरगावी निघालंय असं वाटतं, आणि ते टोकियोत बसून रेखाटलंय, मला अजून याचं नवल संपत नाही.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा हे वेगळं सांगत नाही.

भावंडं लांब असतील, पुणे-नाशिक-अमेरिका, तर वेळ ठरवून एकत्र सुरू करा आणि व्हिडिओ कॉल फक्त सेतूच्या गाण्याला लावा. आम्ही तसंच केलं. ताई न्यू जर्सीहून सकाळी सकाळी चहाचा कप घेऊन बसली होती, गाणं सुरू झालं, कोणी काही बोललं नाही, आणि तिने कॅमेऱ्यासमोर एक उशी धरली.