स्मार्टफोन स्वस्तात घ्यायचा आहे? खरेदीची वेळ ठरवताना या चुका टाळा

एकच फोन, तोच रंग, तेवढीच स्टोरेज. तरीही आज घेतला तर एक किंमत आणि चार महिन्यांनी घेतला तर दुसरी. हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे बहुतेक जण सेलची वाट पाहतात आणि सेल लागला की आपण योग्य वेळ साधली, असे समजून मोकळे होतात. प्रत्यक्षात वाट पाहूनही जास्त पैसे मोजणारे खरेदीदार कमी नाहीत. त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते: ते विक्रेत्याचे कॅलेंडर पाहतात, पण ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याचे वय पाहत नाहीत.

नवे मॉडेल तोंडावर आले असताना जुने पूर्ण किमतीला घेणे

ही सर्वांत महागात पडणारी आणि टाळायला सर्वांत सोपी चूक आहे. मोठ्या कंपन्यांचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. अ‍ॅपल २०१२ पासून आपले मुख्य आयफोन सप्टेंबरमध्ये जाहीर करत आली आहे. २०२० मध्ये मात्र ती घोषणा ऑक्टोबरमध्ये झाली. सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका अलीकडच्या वर्षांत जानेवारी-फेब्रुवारीत आणि घडी घालता येणारे फोन जुलै-ऑगस्टमध्ये येत आले आहेत. त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस पूर्ण किमतीला आयफोन किंवा डिसेंबरमध्ये पूर्ण किमतीला गॅलेक्सी एस घेण्यात, अगदी अडचण असल्याखेरीज, काहीच अर्थ नाही.

मात्र गेल्या वर्षीची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. गूगलचे मुख्य पिक्सेल फोन अनेक वर्षे ऑक्टोबरमध्ये येत होते. २०२४ मध्ये पिक्सेल ९ ऑगस्टमध्येच जाहीर झाला आणि २०२५ मध्ये पिक्सेल १० सुद्धा ऑगस्टमध्येच आला. जुन्या सवयीने २०२४ च्या जुलैत पिक्सेल ८ घेणाऱ्याला नवा फोन अजून तीन महिने लांब आहे असे वाटले असेल, तर तो अंदाज चांगलाच फसला. खरेदीआधी पुढच्या मॉडेलबद्दलच्या ताज्या बातम्या पाहण्यास पाच मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

याच चुकीची एक उलटी बाजू आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. नवा आयफोन आला की जुना स्वस्त होतो, हे अर्धसत्य आहे. अ‍ॅपल आदल्या वर्षीच्या साध्या मॉडेलची अधिकृत किंमत कमी करते, पण प्रो मॉडेल आपल्या विक्रीतून काढूनच टाकते. २०२४ मध्ये आयफोन १६ आल्यावर आयफोन १५ कमी किमतीत उपलब्ध राहिला, तर आयफोन १५ प्रो यादीतून गेला. पुढच्या वर्षी १६ आणि १६ प्रो यांच्या बाबतीतही तेच घडले. प्रो हवा असणाऱ्याने सप्टेंबरची वाट पाहिली, तर त्याला इतर विक्रेत्यांकडे उरलेल्या साठ्यावर अवलंबून राहावे लागते आणि तिथे हवा तो रंग किंवा हवी ती स्टोरेज मिळेलच असे नाही.

सर्व फोनना एकच नियम लावणे

आयफोनची किंमत वर्षभर बऱ्यापैकी टिकून राहते. अँड्रॉइडच्या महागड्या फोनची तशी टिकत नाही. बाजारात आल्यावर काही महिन्यांतच तिला उतार लागतो. म्हणून अँड्रॉइडचा महागडा फोन घेणाऱ्याला थोडा धीर धरण्याचा फायदा अधिक मिळतो. मधल्या किमतीच्या फोनचे गणित याहून वेगळे आहे. तिथे वर्षभर नवी मॉडेल्स येतच राहतात, त्यामुळे एखाद्या ठरावीक महिन्यासाठी थांबण्यापेक्षा चांगली किंमत दिसताच घेणे बरे.

थांबणे नेहमीच फायद्याचे असते, असेही नाही. काही कंपन्या, विशेषतः सॅमसंग, आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना अनेकदा कमी स्टोरेजच्या किमतीत दुप्पट स्टोरेज देतात आणि जुन्या फोनला वाढीव भावही देतात. ज्याला जास्त स्टोरेज खरोखरच लागणार आहे, त्याच्यासाठी पहिल्या आठवड्यातला व्यवहार पुढच्या कित्येक महिन्यांतल्या सवलतींपेक्षा सरस ठरू शकतो. ज्याला ती लागणारच नाही, त्याला या ऑफरचा मोह काही कामाचा नाही.

सवलतीची टक्केवारी पाहून भुलणे

खोडलेली किंमत कोणती आहे, हे तपासल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नसतो. ती बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसाची अधिकृत किंमत असते आणि त्या किमतीला तो फोन कित्येक महिने कोणी विकलेलाच नसतो. हा प्रश्न इतका जुना आहे की युरोपीय संघाने नियमच केला: मे २०२२ पासून तिथे सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. जिथे असा नियम नाही, तिथे हे काम खरेदीदाराने स्वतःच करायचे असते.

त्यासाठी किमतीचा इतिहास दाखवणारी साधने आहेत. अ‍ॅमेझॉनसाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल ही दोन प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आलेखात सेलच्या आधी दोन-तीन आठवडे रेषा वर चढून सेलच्या दिवशी पुन्हा आपल्या नेहमीच्या पातळीवर आली असेल, तर ती सवलत केवळ कागदावरची आहे. रेषा वर्षभरातल्या नीचांकाजवळ असेल, तर मात्र पुढच्या सेलसाठी ताटकळू नये. आलेख पाहताना तो नेमक्या त्याच स्टोरेजचा आणि रंगाचा आहे ना, याची खात्री करावी, कारण काळ्या रंगाचा आलेख पाहून निळा फोन मागवणारेही असतात.

जुन्या फोनचे पैसे हिशेबात न धरणे

समजा, नव्या फोनची किंमत १०० धरली. एका ठिकाणी १५ ची सवलत आहे, पण जुन्या फोनचे १०च मिळतात. दुसरीकडे सवलत अवघी ५ ची आहे, पण जुन्या फोनचे २५ मिळतात. जाहिरात पहिल्याची मोठी, खिशातून कमी पैसे दुसऱ्याकडे जातात. कार्डावरची सूट, नंतर जमा होणारा कॅशबॅक आणि हप्त्यांवरचे प्रक्रिया शुल्कही याच बेरजेत आले पाहिजे. जो कॅशबॅक पुढच्या खरेदीतच वापरता येतो, तो मी तरी सवलतीत धरत नाही.

जुन्या फोनचा भाव त्याच्या मालिकेतले नवे मॉडेल जाहीर होताच घसरू लागतो. म्हणून नवा फोन महिनाभराने घ्यायचा असला, तरी जुन्याची बोली शक्य तितकी आधी निश्चित करून ठेवावी. काही कंपन्या दिलेला भाव ठरावीक दिवस कायम ठेवतात. प्रत्यक्ष देताना भाव कापला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तडा गेलेली स्क्रीन. आणि फोन नाकारलाच गेला, तर त्यामागे बहुधा तो मालकाच्या खात्याशी जोडलेलाच राहिलेला असतो. आयफोनवर 'फाइंड माय' बंद करणे आणि अँड्रॉइडवर गूगल खाते काढून मगच फोन रीसेट करणे, ही दोन कामे आदल्या रात्रीच उरकावीत.

स्वस्त झालेल्या फोनचे उरलेले आयुष्य न मोजणे

पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून गूगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याची हमी देतात. ही सात वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण तो विकत घेतल्यापासून नव्हे. आता हिशेब पाहा. नवा फोन १०० ला घेतला आणि सात वर्षे वापरला, तर वर्षाला साधारण १४ पडतात; तोच फोन दोन वर्षांनी ७० ला घेतला, तर उरलेल्या पाच वर्षांचेही वर्षाला १४च पडतात. ३० टक्क्यांच्या सवलतीने दीर्घकाळ वापरणाऱ्याच्या पदरात काहीच पडलेले नसते. दोन-तीन वर्षांत फोन बदलणाऱ्यासाठी मात्र ७० चा व्यवहार सरळसरळ फायद्याचा आहे. ज्या फोनना तीन-चार वर्षांचेच अपडेट मिळतात, त्यांच्या बाबतीत दोन वर्षे जुने मॉडेल कितीही स्वस्त दिसले तरी सांभाळूनच घ्यावे. शिवाय लिथियम-आयन बॅटरी पेटीत पडून असतानाही हळूहळू जुनी होत असते.

जुना फोन बंद पडेपर्यंत थांबणे

गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण फोनच्या खरेदीलाही लागू पडते. फोन बंद पडल्यावर त्या दिवशी जी किंमत असेल ती द्यावी लागते आणि बंद फोनचा मोबदलाही नाममात्र मिळतो. बॅटरी दिवस काढेनाशी झाली किंवा सुरक्षा अपडेट थांबले, की शोध सुरू करावा, म्हणजे दोन-तीन महिने किमतींवर लक्ष ठेवण्याची उसंत मिळते. तेवढाही वेळ नसेल, तर बॅटरी बदलून सहा महिने काढणे अनेकदा किफायतशीर पडते. आणि किंमत नेहमी उतरतेच, या भरवशावर अनंत काळ थांबू नये: २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव वाढले आणि फोन बनवण्याचा खर्चही त्याबरोबर चढला.

घेतल्यानंतर आठवड्यात किंमत उतरली, तर

आधी पेटीचे सील फोडले आहे का, ते पाहावे. न फोडलेला फोन परतीच्या मुदतीत परत करून नव्या किमतीला पुन्हा घेता येण्याची शक्यता असते. चालू केलेला फोन बरेच विक्रेते केवळ बिघाड असेल तरच परत घेतात. परत करणे शक्य नसेल, तर किमतीतला फरक मागावा. अ‍ॅपल अमेरिकेसह काही देशांत आपल्या स्वतःच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूची किंमत फोन हाती आल्यापासून १४ दिवसांत कमी झाल्यास फरक परत देते, मात्र तो खरेदीदाराने स्वतःहून मागावा लागतो. म्हणून घेतल्यावर परतीची मुदत संपेपर्यंत किमतीची सूचना देणारा अलर्ट बंद करू नये आणि बिलाबरोबर त्या दिवशीच्या किमतीचा स्क्रीनशॉटही जपून ठेवावा.